नव्या बिऱ्हाडाच्या सुऱ्या

(मंडळाच्या वर्धापनदिनी भगिनींसमोर केलेले भाषण)



आजवर मी या मंडळाच्या कार्यक्रमांत सतरंज्या घातल्या, पोहे परतले आणि शेवटच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. यंदा चिटणीसबाईंनी मलाच उभे केले. मी म्हटले, "अहो, माझं शिक्षण सातवीपर्यंतचं. मी काय भाषण करणार?" त्या म्हणाल्या, "तुम्हाला जे येतं त्यावर बोला." मला भाजी चिरता येते, मासे कापता येतात आणि सुरीला धार लावता येते. तेव्हा आज मी तेवढ्यावरच बोलणार आहे. हसू नका. इथे बसलेल्या प्रत्येकीच्या अंगठ्यावर एक तरी जुनी खूण असेल. माझ्या डाव्या अंगठ्यावर आहे, ती ही पाहा. तिच्यापासूनच सुरुवात करते.

2002 साली आम्ही गाडीतळाजवळ एका खोलीत पहिले बिऱ्हाड केले. सासूबाई तेव्हा गावी असत, त्यामुळे घरातली जुनी भांडीकुंडी, विळी, पाटावरवंटा सगळे गावीच. माझ्यापाशी एक बोथट चाकू होता. त्या सुमारास एका हॉलमध्ये प्रदर्शन भरले होते. तिथे एक गृहस्थ टोमॅटोच्या कागदासारख्या पातळ चकत्या करून दाखवीत होता. सहा सुऱ्या, एक कात्री आणि त्या खोचून ठेवायला लाकडी ठोकळा, असे सगळे मिळून 299 रुपये. किराण्यातून वाचवलेले पैसे मी मोजून दिले आणि ती पेटी छातीशी धरून घरी आले. किती तरी दिवस मी तो ठोकळा येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा खिडकीत ठेवला होता.

आषाढ सरेपर्यंत दोन सुऱ्यांची पाती मुठीत हलायला लागली. एक सुरी पाव कापायची, दातेरी. आमच्याकडे पाव यायचा तो हाताने मोडायचा, म्हणून ती तशीच राहिली. एक इतकी लांब की आमच्या परातीत मावेना. उरल्या दोन, त्या बोथट झाल्या. पण पेटी नवी, म्हणून बोथट झाल्या हे माझे मन मानीना. एके दिवशी सुरण चिरायला घेतला. सुरण म्हणजे ओला दगडच. सुरी आत जाईना म्हणून मी अंगाचा भार दिला, ती सालीवरून घसरली आणि अंगठ्यात गेली. चार टाके पडले. दवाखान्याचा खर्च त्या पेटीहून जास्त झाला, तो हिशेब मी अजून ह्यांना नीट सांगितलेला नाही. आज सांगून टाकते.

आपण मुलींना सांगतो, "जपून हो, सुरी धारेची आहे." मी मात्र माझ्या मुलीला उलटे शिकवले. धारेची सुरी जिथे ठेवाल तिथेच कापते. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की ती कुठे जाईल ते आपल्या हातात राहत नाही.

आता ही मुलगी. मागच्या वर्षी तिला पनवेलला एका तपासणी प्रयोगशाळेत काम लागले. आमच्या घरातून लग्नाआधी स्वतःच्या कमाईवर वेगळी राहायला निघालेली ही पहिलीच मुलगी. मैत्रिणीबरोबर एक खोली आणि स्वयंपाकघर भाड्याने घेतले. निघायचे जूनमध्ये, पहिला पगार हातात पडणार जुलैअखेर. आमचे हे बर्फाच्या कारखान्यात आहेत. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारीला बंदी असते हे तुम्हाला सांगायला नको. होड्या उभ्या राहिल्या की बर्फ कोण नेणार? त्या दोन महिन्यांत आमच्याकडे पैसा जरा बेतानेच असतो. तेव्हा मुलीच्या स्वयंपाकघरासाठी मी भिशीतले 6000 रुपये काढले आणि त्यांतले 1000 सुऱ्यांसाठी बाजूला ठेवले.

मुलीने मोबाइलवर मला एक चित्र दाखवले. चौदा नगांचा संच, काळा ठोकळा, चकचकीत पाती. "आई, हजारातच बसतोय बघ." मैत्रिणींनो, माझा अंगठा ठणकायला लागला! पण नुसते नको म्हणून मुली ऐकत नाहीत. मी भिंतीवरच्या कॅलेंडरचा जुना कागद काढला आणि तिला म्हटले, "आठ दिवस आपल्या घरात जे जे चिरलं जाईल ते इथे लिही. आणि कशानं चिरलं तेही लिही." तिने लिहिले. कांदे, मिरच्या, कोथिंबीर, टोमॅटो, बटाटे, भेंडी, दोनदा पालेभाजी, एकदा लाल भोपळा, एक कलिंगड, नारळ पाच दिवस, बांगडे दोन वेळा. दातेरी सुरीचे नाव नाही. मांस कापायच्या जाड सुरीचे नाव नाही. छोट्या सुरीचे नाव मात्र रोज तीन-तीन वेळा. चौदांपैकी बारा सुऱ्या तिने आपल्या हाताने खोडल्या.

राहिल्या दोन. एक लहान, चार बोटे पात्याची, साले काढायला आणि हातात धरून कापायला. एक मोठी, सात-आठ इंच पात्याची, ओट्यावर फळी ठेवून चिरायला. तिसरी गोष्ट विळी, तिच्याविषयी पुढे बोलेन. तिथेच माझी चूक झाली.

रामआळीत आम्ही दोघी तीन दुकाने फिरलो. सुरी कशी निवडायची ते मी सांगते, घरी गेल्यावर आपापल्या सुऱ्या ह्या नजरेने पाहा. आधी मूठ बघावी, पाते नंतर. पात्याची शेपटी मुठीत किती आत गेली आहे हे महत्त्वाचे. चांगल्या सुरीत ती शेवटपर्यंत गेलेली असते, मुठीच्या पाठीवरून लोखंडाची रेघ दिसते आणि दोन-तीन रिबिटा मारलेल्या असतात. स्वस्त सुरीत इंच-दीड इंच शेपटी प्लॅस्टिकात नुसती खोचलेली असते. माझ्या पेटीतल्या तशाच होत्या. मूठ हातात घट्ट धरून पाते दोन्ही बाजूंना जरा हलवून पाहावे, टकटक आवाज आला की परत ठेवावी. मग हात ओला करून धरून पाहावी. दुकानदार पाहत राहतो, पाहू दे. आपण घरात कोरड्या हाताने कधी चिरतो? माझ्या मुलीने एका दुकानात पिशवीतल्या बाटलीतले पाणी हातावर घेतले, तेव्हा तो माणूस आधी चिडला आणि मग स्वतःच आतून दुसरी, खडबडीत मुठीची सुरी घेऊन आला. तीच आम्ही घेतली.

मोठ्या सुरीला आणखी एक परीक्षा आहे. फळीवर ठेवून मूठ धरली की बोटांची पेरे फळीला लागता कामा नयेत. पाते मुठीपेक्षा खाली उतरलेले असले की हात मोकळा राहतो. शिवाय पाते डोळ्यांसमोर धरून धार उजेडात पाहावी, ती नारळाच्या हिरासारखी सरळ किंवा सारखी वळलेली दिसली पाहिजे. मध्ये खळगा असेल तर कोथिंबीर कधीच नीट तुटणार नाही, तिची एक-एक काडी लोंबत राहते.

पाते कशाचे घ्यावे यावर आमच्या घरात दोन तट पडले. सासूबाई म्हणाल्या, "लोखंडाचं घे गो, त्याला धार येते." त्यांचे खरे आहे. साध्या पोलादाच्या पात्याला दगडावर चार हात मारले की धार येते. पण आपला कोकणातला पाऊस सव्वाशे इंचांच्या आसपास, वर खारी हवा. रात्री सुरी ओली राहिली की सकाळी तांबूस. पुसून खोबरेल लावून ठेवली तर टिकते, पण नोकरीवर पळणारी मुलगी रोज सुरीला तेल लावील का? शिवाय कैरी, कोकम, लिंबू यांचा आंबटपणा लोखंड खातो. आणि केळफूल लोखंडी पात्याने चिरले की काळे पडते, ते त्यातल्या तुरटपणामुळे. तुरट रस आणि लोखंड एकत्र आले की काळा रंग होतो. पूर्वी हिरडा आणि हिराकस घालून शाई करीत, तोच हा प्रकार. म्हणजे आपण केळफुलाच्या भाजीत थोडी शाईच करतो!

तेव्हा न गंजणारे, म्हणजे स्टेनलेस, घ्यायचे ठरले. ह्या पोलादाची गोष्ट मुलीने मला वाचून दाखवली. इंग्लंडात शेफील्ड म्हणून गाव आहे, सुऱ्या-कात्र्यांसाठी फार जुने प्रसिद्ध. तिथे हॅरी ब्रिअर्ली नावाचा गृहस्थ होता. त्याचा बाप पोलादाच्या भट्टीवरचा कामगार. ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्या आतून लवकर झिजतात त्यावर उपाय शोधत होता आणि 1913 साली त्याच्या हाती हे पोलाद लागले. त्यात क्रोमियम नावाचा धातू असतो, निदान शेकडा साडेदहा भाग, आणि त्यामुळे गंज चढत नाही. पण पहिल्या पहिल्या सुऱ्या इतक्या वाईट निघाल्या की न कापणाऱ्या सुरीचा शोध लावणारा म्हणून लोक त्याला चिडवीत. हे ऐकून सासूबाईंना फार आनंद झाला. "बघ, मी काय म्हणत होते!" पुढे ते पोलाद तापवून कडक कसे करायचे ते कारागिरांना नीट जमले, हे मात्र त्यांनी ऐकून घेतले नाही.

यात एक गंमत आहे. आपण भांडे घेताना लोहचुंबक लावून पाहतो आणि चिकटला नाही तर खरे स्टील म्हणतो. सुरीला हा नियम उलटा आहे. ज्या स्टीलला लोहचुंबक चिकटत नाही ते डब्या-पातेल्यांना उत्तम, पण तापवून पाणी देऊन ते कडक होत नाही, म्हणून त्याला धार टिकत नाही. सुरीच्या पोलादाला चुंबक चिकटलाच पाहिजे. शेजारच्या वहिनींनी आमच्या सुरीला चुंबक लावून "फसलात हो" म्हणून सांगितले होते, म्हणून मुद्दाम बोलले. त्या इथेच बसल्या आहेत, रागावणार नाहीत.

लहान सुरी 60 रुपयांना मिळाली, मोठी 280 ला. लहानीवर जास्त पैसे घालू नयेत. ती कचऱ्याबरोबर सालांत जाते, शेजारी जाते, डब्यात जाते. मोठीवर घालावेत. मुलीला वाटले झाले आता, उरलेल्या पैशांत मसाल्याचा डबा घेऊ. मी तिला हार्डवेअरच्या दुकानात नेले आणि 180 रुपयांचा धारेचा दगड घेतला, एका बाजूने खरखरीत आणि दुसऱ्या बाजूने गुळगुळीत. "दगडाला 180?" म्हणून ती रस्ताभर बोलत होती. अहो, 280 ची सुरी चार महिन्यांत बोथट होणार, मग काय दुसरी घ्यायची? माझ्या 299 च्या पेटीबरोबर दगड असता तर तिच्यातल्या दोन सुऱ्या तरी आज चालत असत्या. त्यांचे पोलाद अगदीच वाईट नव्हते, हे मला नंतर कळले. त्यांतली एक मी पुढे घासून पाहिली, तर तिने टोमॅटो सरळ कापला. दहा वर्षे ती माळ्यावर पडून होती आणि मी तिला शिव्या देत होते.

चौथी वस्तू लाकडी फळी, 220 रुपये. ही चैन नव्हे. ओट्याच्या कडाप्प्यावर, स्टीलच्या ताटात किंवा काचेच्या फळीवर चिरले की धार त्या कठीण जागेवर आपटते आणि दुमडते. लाकडात ती जरा रुतते, म्हणून राहते. फळीची एक बाजू मासळीला आणि एक भाजीला, खूण करून ठेवावी, आणि धुतली की उभी करून वाळवावी. पावसात फळीला बुरा येतो, तेव्हा मीठ आणि लिंबाची फोड घेऊन घासावी.

सगळे मिळून 740 रुपये झाले. उरले 260. विळीला 450 पडत होते.

विळीची गोष्ट आता सांगते. सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा त्यांनी आपली विळी बरोबर आणली होती. फणसाच्या लाकडाचा पाट, त्यावर बसून बसून मध्ये खोलगा पडलेला. पाते इतकी वर्षे घासून घासून द्वितीयेच्या चंद्रकोरीसारखे बारीक झालेले. टोकाला नारळ खवायची दातेरी चकती. हिला आपण विळी म्हणतो, गोव्यात आदोळी म्हणतात. दर खंडेनवमीला आमच्याकडे ह्यांचा पाना-स्क्रू ड्रायव्हर आणि सासूबाईंची विळी शेजारी शेजारी मांडून फूल वाहतात. नागपंचमीला काही चिरायचे नाही, त्या दिवशी विळी भिंतीला पाते लावून आडवी ठेवलेली असते आणि सासूबाई तिला जाता-येता पाहतात.

मुलगी निघायच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी ती विळी धुऊन पुसून, खोबरेल लावून, जुन्या लुगड्यात बांधली आणि तिच्यापुढे ठेवली. मुलगी म्हणाली, "आजी, तिथे ओटा आहे. मी उभी राहूनच करणार. खाली बसून कोण चिरतं आता?" तिच्या मनात काही वाईट नव्हते. पण सासूबाई काही बोलल्या नाहीत, गाठोडे उचलून आत घेऊन गेल्या. आणि मी, मैत्रिणींनो, मुलीची बाजू घेतली. मला वाटले, आपले गुडघे गेले ते जमिनीवर बसून बसूनच, पोरीचे तरी वाचू देत. शिवाय 450 रुपयेही वाचत होते. त्या रात्री सासूबाई जेवल्या नाहीत, पित्त झाले म्हणाल्या.

उरलेल्या 260 रुपयांत सांडशी, चिमटा आणि साल काढायचे सोलाणे आले. जाण्यापूर्वी मी मुलीला धार लावायला शिकवले. साबणाच्या पाण्यात सुरी बुडवून ठेवायची नाही, फेसात ती दिसत नाही. हातातून सुटली तर धरायला जायचे नाही, पाय मागे घ्यायचा आणि पडू द्यायची. दुसरीच्या हातात द्यायची ती मुठीकडून. हे सगळे तिने "हो गं आई, हो गं आई" करीत ऐकले.

श्रावणात, नारळी पौर्णिमेला, सकाळी साडेसातला तिचा फोन. आवाज रडवेला. "आई, नारळ फोडलाय, पण खवायचा कशानं?" मैत्रिणीला नारळीभात खाऊ घालीन म्हणून तिने कबूल केले होते. नारळ फोडला, आणि करवंटीतून खोबरे सुटेना म्हणून ती नवी 280 ची सुरी तिने टोकाने आत घालून उचकटली. टोक मोडले. नशीब, डोळ्यांत उडाले नाही. कडक पोलाद असेच असते, धार धरते पण पीळ सोसत नाही. उचकटायचे काम चमच्याच्या दांड्याचे, सुरीचे नव्हे. हे मी तिला सांगितलेच नव्हते, कारण आमच्या घरात खोबरे कोणी उचकटून काढीतच नाही, विळीवर खवतो. आठ दिवसांच्या कागदावर नारळ पाच वेळा लिहिलेला होता. कागद मीच लिहायला लावला आणि मीच तो नीट वाचला नाही.

मी फोन सासूबाईंकडे दिला. त्यांनी नातीला काय सांगितले ते ऐकावे म्हणून मी दाराआड उभी राहिले. त्या म्हणाल्या, "करवंटी गॅसवर जरा शेकव गो. पालथी धर. हात भाजू नको. मग थंड पाण्यात टाक, खोबरं सुटेल. तुकडे करून फिरव त्या यंत्रात. आज भात होऊ दे." विळीचा शब्दसुद्धा काढला नाही. फोन ठेवल्यावर मात्र मला म्हणाल्या, "गणपतीत येईल तेव्हा पाहू."

गणपतीला मुलगी आली. दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली तेव्हा स्वयंपाकघरात दिवा होता. नात विळीवर बसली होती आणि आजी समोर पाटावर. मोदकांच्या सारणाला नऊ नारळ खवायचे होते. विळीवर पाते हलत नाही, भाजी हलते, त्यामुळे दोन्ही हात कामाला मिळतात आणि जोर मनगटावर पडत नाही. ज्या बायांचे मनगट दुखते त्यांना विळी बरी, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना सुरी बरी. मिरकरवाड्याला मासळी कापणाऱ्या बाया पाहा. बोटभर मांदेलीपासून हातभर सुरमईपर्यंत सगळे त्या एकाच पात्यावर करतात. पण बाजार भरायच्या आधी त्यांचा हात दगडावर चाललेला असतो.

मुलगी परत जाताना ती विळी घेऊन गेली. आधी मी तिला लोहाराकडे नेले होते. पाते फार झिजले आहे, नवे घालू का, असे विचारायचे होते. त्याने नखाने धार पाहिली, पाते बोटाने टिचकी मारून वाजवले आणि म्हणाला, "वहिनी, आत अजून पोलाद आहे. पंधरा वर्षं चालेल." फक्त पाटातली खीळ सैल झाली होती ती त्याने ठोकून दिली आणि तिकोनी कानशीने खवणीचे दात उजळून दिले. पैसे चाळीस. पाते वर्तमानपत्राच्या घड्यांत गुंडाळले, वरून लुगडे, वरून सुतळी, आणि पिशवीवर मोठ्या अक्षरांत "आत विळी आहे" असे लिहिले. गाडीत कोणी सामान हलवताना हात घालू नये म्हणून. आता ती ओट्याखाली असते. नारळ, मासळी आणि फणस विळीवर, बाकी सगळे उभ्याने. मोडक्या टोकाची सुरीही चालू आहे, तिचे टोक मी दगडावर घासून गोल करून दिले.

एक गोष्ट मंडळासमोर मांडते. लोणच्याच्या कैऱ्या चिरायला सुरी वापरू नका. आतला बाठा कडक झालेला असतो, तिथे सुरी अडकते आणि मग आपण तिच्यावर वरवंटा मारतो, मीही मारला आहे. त्याला मोठा अडकित्ता लागतो. तो वर्षातून आठ दिवस लागतो, मग प्रत्येकीने कशाला घ्यावा? मंडळाने एक घ्यावा आणि चैत्र-वैशाखात आळीपाळीने द्यावा. पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते मांडून ठेवले आहेत, ते पाहून आपण सगळ्या किती वेळ उभ्या राहिलो होतो ते आठवते ना? आपला अडकित्ता एवढा सुंदर नसला तरी चालेल.

आता धार. ही तोंडाने सांगून येत नाही, म्हणून मी दगड घेऊन आले आहे. तो पंधरा मिनिटे पाण्यात भिजत घातला होता, तेवढ्यात माझे भाषण झाले. दगडाखाली ओले फडके ठेवायचे, म्हणजे सरकत नाही. आधी खरखरीत बाजू. सुरी दगडावर आडवी ठेवून तिची पाठ जरा उचलायची. किती? मोठी सुरी असेल तर पाठीखाली करंगळीचे टोक जाईल इतकी. लहान असेल तर पेन्सिल जाईल इतकी. त्याहून जास्त उचलली तर धार जाड होते, कमी उचलली तर नुसते गालच घासले जातात. मुठीपासून टोकापर्यंत सगळी धार दगडावरून गेली पाहिजे, आणि उचललेली पाठ तेवढीच राहिली पाहिजे. दहा-पंधरा हात झाले की उलट्या बाजूला नख आडवे फिरवून पाहायचे. तिथे बारीक खरखर लागली की ही बाजू झाली, मग दुसरी. नंतर गुळगुळीत बाजूवर हलक्या हाताने पाच-सहा वेळा. परीक्षा टोमॅटोवर करायची, अंगठ्यावर नाही! दगड नसेल त्या दिवशी चिनी मातीचा कप पालथा घालावा. त्याच्या बुडाला जे खरखरीत कडे असते त्यावर दोन्ही बाजूंनी हलके ओढले तरी एका जेवणापुरती धार येते.

विळीला उलटे. पाते हलत नाही म्हणून दगड हातात घ्यायचा. बोटे दगडाच्या कडेच्या खाली येऊ द्यायची नाहीत आणि पाटावर कोणाला तरी पाय देऊन उभे करायचे.

चिटणीसबाईंनी तुम्हाला आपापली विळी-सुरी कागदात गुंडाळून आणायला सांगितले होते. एकेकीने पुढे यावे, घाई करू नये, आणि मुले असतील त्यांना बाहेर अंगणात पाठवावे. पहिला नंबर आमच्या सासूबाईंचा. त्यांची विळी पनवेलला गेल्यामुळे आम्हाला घरी नवी घ्यावी लागली, तिचे 450 शेवटी गेलेच. तिला धार अशी नाहीच, असे त्यांचे रोज म्हणणे असते. त्या तिसऱ्या रांगेत विळी मांडीवर घेऊन बसल्या आहेत. आई, या पुढे.